कारागृह शिपाई म्हणून निवड झाली आहे, रुजू व्हावं का?

प्रश्न विचारणारी मुलगी २३ वर्षांची आहे. बी.ए. झाली आहे, पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात राहिली आणि आता कारागृह शिपाई म्हणून तिची निवड झाली आहे. बहुतेक जिल्हा कारागृह मिळेल असं तिला कळलंय. वडील म्हणतात, "पोलिसात मान आहे. तुरुंगात गुन्हेगारांत दिवस काढशील, उद्या स्थळ कोण आणणार?" तिची स्वतःची भीती वेगळी आहे. कैद्यांनी हल्ला केला तर काय, हा विचार तिला झोपू देत नाही. रुजू व्हावं की पुढच्या भरतीची वाट बघावी, असं तिने विचारलंय.

मी २९ वर्षं या खात्यात काढली. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. दोन मध्यवर्ती आणि तीन जिल्हा कारागृहं पाहिली, त्यातली बहुतेक वर्षं महिला विभागात गेली. वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते.

माझं मत आधीच सांगते: रुजू हो. पण जी भीती मनात धरून येते आहेस, ती चुकीच्या जागी आहे. ती योग्य जागी ठेवून आलीस तर टिकशील.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मान्य करायला हव्यात. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर असे कारागृहांचे विभाग आहेत. तुझी निवड ज्या विभागात झाली, त्यातच तुझं पुढचं बरंचसं आयुष्य फिरणार. येरवडा, आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, कळंबा, हर्सूल, अमरावती, नागपूर ही नऊ मध्यवर्ती कारागृहं. तिथे माणसं जास्त, गर्दी जास्त, पण सोबतीला सहकारीही असतात. जिल्हा कारागृहात महिला विभाग म्हणजे एका कोपऱ्यातलं छोटं अंगण, एक-दोन बराकी, वीस-तीस बायका आणि आपण हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. एक जण बाळंतपणाच्या रजेवर गेली की आठ तासांची ड्यूटी बाराची होते. वसाहतीत खोली मिळाली तर निभतं. नाही मिळाली, घरी लहान मूल असलं आणि सासर लांब असलं, तर फार ओढाताण होते. हे मी गोड करून सांगणार नाही. आदेश हातात आला की त्या कारागृहात महिला कर्मचारी किती आहेत आणि वसाहतीत जागा आहे का, एवढं आधी विचार.

आता हल्ल्याचं. २९ वर्षांत माझ्या अंगावर दोनदा कोणी आलं. एक बाई दारू सुटल्यामुळे भ्रमात होती. दुसरीला त्याच दिवशी मुलगा गेल्याचा निरोप मिळाला होता. दोघींनी नंतर पाय धरले. महिला विभागात येणाऱ्या बहुतेक बायका आपल्यापेक्षा जास्त घाबरलेल्या असतात. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला अजून चालू आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही. हुंड्याच्या केसमध्ये आलेली सासू, नवऱ्याच्या धंद्यात अडकलेली बायको, मारामारीत नाव लागलेली जाऊ, यांच्यात तुझे दिवस जाणार आहेत. सराईतही असतात, पण त्या सहसा शांत असतात. त्यांना माहीत असतं की आरडाओरडा करून काही मिळत नाही.

मारहाणीची खरी धास्ती उलट्या दिशेने बाळगायची. २०१७ साली भायखळ्याच्या महिला कारागृहात एका शिक्षा भोगणाऱ्या बाईचा मृत्यू झाला. खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि कारागृहाच्याच सहा जणींना अटक झाली. तक्रारीत म्हटलं होतं की सुरुवात दोन अंडी आणि पाच पाव यांचा हिशेब लागेना म्हणून झाली. ती बातमी आमच्या रोल कॉलला वाचली गेली तेव्हा कोणी कोणाकडे बघेना. मला तर घाम फुटला होता, कारण अंडी-पावावरून आवाज चढवण्याची वेळ आमच्यापैकी प्रत्येकीवर आलेली होती. किल्ली आपल्या हातात, बाई आत, बघायला कोणी नाही. अशा जागी आपला हात उठणार नाही याची खात्री आपल्याला रोज नव्याने करावी लागते. तुझी पहिली भीती ही असू दे.

दुसरी भीती लहान उपकाराची. यावर जरा थांबते, कारण चांगल्या मुली इथेच बुडतात.

माझ्याबरोबर लागलेली एक मुलगी होती. मनाने फार मऊ. एका कच्च्या कैदी बाईने तिला बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर नंबर लिहून दिला. म्हणाली, "बाई, फक्त माझ्या लेकीला सांगा की तारीख पुढच्या सोमवारी आहे. कोणीच आलं नाही हो मागच्या तारखेला." यात वाईट काय? आईचं काळीज. तिने घरी जाऊन फोन केला. दहा दिवसांनी अजून एक निरोप. मग लेकीचा मामा म्हणवणारा एक माणूस एसटी स्टँडवर भेटला, आभार मानले, चहा पाजला. तीन महिन्यांनी त्याने हातात एक पुडी ठेवली: मशेरी. "ताईला सवय आहे, डोकं धरतं तिचं." मशेरी म्हणजे काही गांजा नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं आणि पुडी आत नेली. त्यानंतर ती 'नाही' म्हणूच शकत नव्हती. फोनची गोष्ट आणि मशेरीची गोष्ट दोन्ही त्यांच्याकडे जमा होत्या. पुढे मागितलं गेलं ते मोबाईलचं सिमकार्ड. गेटवरच्या झडतीत सापडली, निलंबित झाली, गुन्हा दाखल झाला. तिचा नवरा मला म्हणाला, "मावशी, एका फोनपायी." मी त्याला काय सांगणार? ती फोनपायी गेली नव्हती. पहिला फोन केल्यावर तिने कोणाला सांगितलं नाही, त्यापायी गेली.

म्हणून माझा नियम असा होता, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकीला मी तो पाठ करायला लावला: कैदी बाईची कुठलीही मागणी आपल्या पोटात ठेवायची नाही. ती ऐकायची, त्याच दिवशी तुरुंगाधिकाऱ्यांच्या कानावर घालायची आणि नोंद करायची. बाईला नुसतं 'नाही' म्हणायचं नाही. "मी फोन करणार नाही. पण आज तुझं पत्र लिहून घेते, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, मॅडम येतील तेव्हा तुझं नाव पहिलं देते." आता तर कारागृहात घरच्यांशी फोनची आणि व्हिडिओवर मुलाखतीची, म्हणजे भेटीची, सोय झाली आहे, आमच्या वेळी पोस्टकार्डावर भागवावं लागायचं. तिला रस्ता दाखवलास की तुझ्या 'नाही'चा राग टिकत नाही. आणि जे करीन म्हणालीस ते त्याच दिवशी कर. तुरुंगात शब्दाची किंमत बाहेरच्यापेक्षा जास्त असते, कारण तिथे दुसरं काही द्यायला नसतं. "बघते" हा शब्द तर वापरूच नकोस. तू "बघते" म्हणून घरी जातेस, ती रात्रभर त्यावर जगते.

भरतीत तुझी ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक झाली, ५० गुण मैदानाचे आणि १०० लेखीचे. पाय आणि हात तपासून झाले. नोकरीत लागतात ते डोळे आणि कान. रोजचं काम म्हणजे मोजणं, कुलपं बघणं, झडती घेणं आणि लिहिणं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण हेच काम आहे आणि ते नीट करायला वर्षं लागतात.

गिनती कशी घ्यायची ते सांगते. बायकांना जोडीने ओळीत बसवायचं. बोटाने नाही, डोळ्याने मोजायचं, आणि एकदा पुढून, एकदा मागून. "सगळ्या आहात ना गं?" असं विचारून कधीही गिनती घ्यायची नाही. मोजताना कोणी बोलायला आली तर थांबून पुन्हा एकपासून सुरू. संध्याकाळी बराकी बंद करताना आकडा जुळत नाही तोवर कोणी घरी जात नाही, मग बाहेर पाऊस असो की दिवाळी. रात्री मोजताना पांघरूण मोजायचं नाही, श्वास मोजायचा. गजाबाहेर उभं राहून पांघरूण वर-खाली होताना दिसेपर्यंत थांबायचं. मला हे एका जुन्या हवालदार बाईंनी शिकवलं. तेव्हा वाटलं होतं, ही म्हातारी उगाच वेळ घालवते. दुसऱ्याच पावसाळ्यात एक पांघरूण हललं नाही. बाईला झोपेतच झटका आला होता. वेळेत दवाखान्यात गेली म्हणून वाचली.

गजांचंही तसंच. रोज प्रत्येक गज दांडक्याने वाजवून बघतात. अखंड गज खणखणतो, कापलेला किंवा सैल झालेला गज बद्द वाजतो. महिनाभरात तुझ्या कानाला फरक कळायला लागेल आणि मग तो जन्मभर जाणार नाही. मी अजूनही बँकेच्या खिडकीचे गज नकळत वाजवते.

झडतीबद्दल एक. गेटवर रोज तुझीही झडती होईल. पहिल्या आठवड्यात अपमान वाटतो. वाटून घेऊ नकोस. तुझी झडती नीट झाली की आत काही सापडल्यावर पहिलं बोट तुझ्याकडे वळत नाही. आणि आपण बायकांची झडती घेतो तेव्हा आडोशाला, दुसरी कर्मचारी सोबत ठेवून, काय करतोय ते आधी सांगून. पहिल्यांदा आत येणारी बाई थरथरत असते. "आता केस सोड, मी अंबाड्यात बघणार आहे," एवढं एक वाक्य बोललं तरी तिचा श्वास सुटतो.

सर्वांत जास्त लक्ष कधी ठेवायचं? आत आल्यावरचा पहिला आठवडा आणि तारखेहून परत आल्याची रात्र. जामीन फेटाळलेली बाई रडते तेव्हा मी निर्धास्त असायचे. गप्प झालेली, वाटावाटी करणारी बाई मला घाबरवायची. एकीचा जामीन फेटाळला, आणि संध्याकाळी ती शेजारणीला आपला साबण, खोबरेल तेलाची अर्धी बाटली आणि चांगलं लुगडं देऊन टाकत होती. दुसऱ्या कोणाला ते मोठं मन वाटलं असतं. मी जेलर साहेबांना उठवलं. त्या रात्री तिला एकटं ठेवलं नाही, दोघी सोबत झोपवल्या, सकाळी डॉक्टर आणि समुपदेशक. चार वर्षांनी ती मला बाजारात भेटली, भाजी विकत होती. तिने मला मेथीच्या दोन जुड्या दिल्या. मी सेवेत होते म्हणून पैसे दिले, तिने हट्टाने परत केले, मी हट्टाने पुन्हा दिले.

मुलांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. तशी मुलं तुला भेटतील. आमच्याकडे एक चार वर्षांची पोर होती. एकदा दुपारी अंगणात ती पाच खडे जोडीने मांडत होती, पाचव्याला जोडीदार नव्हता म्हणून रडवेली झाली. मी विचारलं, काय खेळतेस? म्हणाली, "गिनती जुळंना, बाई." मग सहावा खडा मीच शोधून आणला. ते खडे तिने चपलेखाली झाकले आणि म्हणाली, आता बंद. त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या लेकीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. अशा गोष्टी तुझ्याबरोबर घरी येतील. कोणाशी तरी बोल. पण नाव, गाव, केस बाहेर सांगू नकोस, आणि घरची गोष्ट आत सांगू नकोस. सहकारिणीशी बोलतानाही गजापलीकडे कान आहेत हे लक्षात ठेव. माझा मुलगा कोणत्या शाळेत आहे हे मला एकदा एका कैदी बाईनेच सांगितलं होतं. तिचा हेतू वाईट नव्हता, पण मी आठ दिवस नीट जेवले नाही.

कायदा शिपायाचं काम नाही असं तुला कोणी सांगेल. मान्य करू नकोस. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी हीच मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकाहून जास्त खटले चालू असले तरी नाही. न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. तसंच जामीन मंजूर झाला पण भरायला पैसे नाहीत, अशा गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, त्यात ती रक्कम भरायला मदत मिळू शकते. अर्ज तू करणार नाहीस. पण कोण किती दिवस बसली आहे आणि कोणाला मुलाखतीला कोणीच येत नाही, हे वरच्यांच्या आधी तुला दिसतं. मी एकीला पंधरा हजारांच्या जामिनापायी सात महिने बसलेली पाहिली आहे. तिने सांगितलं नाही, कारण तिला वाटत होतं की जामीन मिळाला म्हणजे फक्त तारीख मिळाली. मी विचारलं नाही, कारण ते माझं काम आहे असं मला वाटलं नव्हतं. त्याची खंत आजही आहे.

दुसरी खंत जातीची. आमच्या काळात संडास साफ करायचे असले की नाव पुकारलं जायचं ते ठरावीक समाजाच्या बायकांचं, बहुतेकदा पारध्यांच्या. कोणी लिहून दिलेलं नव्हतं, चालत आलेलं होतं, आणि मीही ती नावं पुकारली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरून कामवाटप घटनाबाह्य ठरवली, नोंदवह्यांतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. तू नव्या काळात लागते आहेस. पाळी लाव, यादी भिंतीवर चिकटव आणि यादीप्रमाणेच नाव घे. कोणी जुनी हवालदार "असंच चालतं" म्हणाली, तर तारखेसकट हा निकाल सांग.

वडिलांना काय सांगायचं? स्थळाची काळजी त्यांना वाटणारच, माझ्याही वडिलांना वाटली होती. माझं लग्न नोकरी लागल्यावर दीड वर्षाने झालं. सासूबाईंनी एकच विचारलं होतं, रात्रपाळी असते का? मी हो म्हटलं. पुढे पंधरा वर्षं त्यांनीच माझा डबा भरून दिला. वडिलांना एकदा त्या कारागृहाच्या वसाहतीत घेऊन जा. अंगणात तुळशी, दोरीवर वाळत घातलेले गणवेश, शाळेतून येणारी पोरं हे बघितलं की बापाचं मन जरा खाली बसतं.

पुढच्या भरतीची वाट बघावी का, हा तुझा शेवटचा प्रश्न. २०२४ च्या भरतीत कारागृह शिपायाच्या १८०० जागा होत्या, एवढ्या जागा दरवेळी निघतीलच असं धरू नकोस. हातातली निवड सोडून वाट बघण्याइतकी घरची परिस्थिती भक्कम आहे का, ते तूच जाणतेस. मला विचारशील तर गर्दी सांभाळायची, बंदोबस्तात उभं राहायची, रस्त्यावर धावायची हौस असेल तर पोलिसात जा, इथे कोंडल्यासारखं होईल. त्याच त्या पन्नास पावलांच्या अंगणात रोज काहीतरी नवं बघायची चिकाटी असेल तर इथे ये. चिडकी असशील, हात पटकन उठत असेल, तर कृपा करून येऊ नकोस.

रुजू होशील त्या दिवशी सोनं घरी ठेव. मोबाईल गेटवर जमा होतो, म्हणून मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ बांध. नोंदवहीत प्रत्येक ओळीला वेळ लागते आणि ती अंदाजाने लिहायची नसते. आणि महिला विभागात सर्वांत जुनी कोण आहे ते विचारून पहिले पंधरा दिवस तिच्या मागे मागे फिर, ती गिनती घेताना तूही मनात मोज, आणि तुझा आकडा तिच्या आकड्याशी जुळतो का बघ.